भवानी झाल्यावर मला आत घ्या

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, तुमच्याखालची नाही. ती शहाणी आहे, ती गप्प बसते. मी कैरोतली, घुरिया बाजाराच्या मागच्या गल्लीतली, बटणांच्या दुकानाबाहेरची ठेंगणी खुर्ची.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला, तोही जुळा. आम्ही दोघी बहिणी, पण सुताराकडे दोघींत मिळून सातच पाय निघाले. त्याने मला चार दिले, बहिणीला तीन. मग तिला तो 'स्टूल' म्हणायला लागला आणि 'खास कॉफी पिणाऱ्यांसाठी' असं सांगून माझ्या आधी तिला विकूनही मोकळा झाला. मी चारही पाय घेऊन तिथेच. मार्केटिंगशी माझी ही पहिली ओळख.

शेवटी मला हाज बयूमींनी नेलं. हाज बयूमी म्हणजे बटणवाले. दुसरं काही ठेवत नसत. शिंपल्याची बटणं, शिंगाची, लाकडाची, पितळेची, कापड चढवलेली. छतापर्यंत खोके, आणि आत काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येक खोक्यावर एकेक बटण टाचलेलं. त्यांनी मला दाराबाहेर ठेवलं आणि म्हणाले, "इथे उभी राहा, बाकीचं लोकांना कळतं."

लोकांना खरंच कळायचं. आमच्या गल्लीत सकाळी कुलूप निघालं की प्रत्येक दुकानदार एक खुर्ची बाहेर ठेवतो. खुर्ची बाहेर म्हणजे अजून भवानी व्हायचीय. पहिलं गिऱ्हाईक काही घेऊन गेलं की खुर्ची आत. मग दुसरं गिऱ्हाईक आलं, तर दुकानदार आधी मान बाहेर काढून गल्ली बघतो. कोणाची खुर्ची अजून बाहेर असली तर म्हणतो, "माझी भवानी झाली, देवाची कृपा. समोर जा, त्याची व्हायचीय." आणि गिऱ्हाईक जातं. कुरकुरत जातं, पण जातं.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, या गल्लीत सगळ्यांना ऊन लागलंय.

हाज बयूमी गेले आणि दुकान त्यांच्या मुलीकडे आलं. तिचं नाव करीमान. म्हणजे अर्धं तिच्याकडे आलं. उरलेलं अर्धं रिफअतकाकांचं, हाज बयूमींच्या धाकट्या भावाचं. रमजान लागायच्या आदल्या दिवशी काका आले, खोक्यांकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाले, "बटणं कोण घेतं गं आजकाल? सगळ्या कपड्यांना चेन असते. इथे मोबाइलची कव्हरं विकायची."

"काका, तुमच्या सदऱ्याला काय आहे?"

"माझं सोड. मी जुना माणूस."

"मग जुनी माणसं घेतील."

काकांना चेष्टा आवडत नाही. ते म्हणाले, "ईदच्या आदल्या दिवशी दुपारी येतो. दुकान चालतंय असं दिसलं तर तुझं, मी शब्द काढणार नाही. नाही दिसलं तर हे खोके भंगारात आणि इथे कव्हरं."

काका गेल्यावर करीमानने फडकं घेतलं आणि माझी पाठ पुसायला लागली. "दुकान बटणांचंच राहील," ती म्हणाली. रडून नाही, ओरडून नाही. वाण्याला 'अर्धा किलो साखर द्या' म्हणतात ना, तसं. माझे पाय आपोआप ताठ झाले.

दुसऱ्या दिवशी तिचा मावसभाऊ हातिम मदतीला आला. हातिम कॉलेजात मार्केटिंग शिकत होता. पहिल्या वर्षाची परीक्षा पास झाला होता, त्यामुळे त्याला सगळं येत होतं.

"धंद्यात चार गोष्टी असतात, करीमान. वस्तू, किंमत, जागा आणि जाहिरात."

"वस्तू आहे. किंमत परवडणारी आहे. जागा बाबांची."

"म्हणजे आपलं जाहिरातीत अडलंय."

"मग?"

"माझ्यावर सोड," हातिम म्हणाला. जगातली बरीच संकटं या वाक्याने सुरू होतात.

त्याने गादीतला फोम कापून स्वतःच्या उंचीचं एक गोल बटण केलं, निळा रंग दिला आणि त्यात शिरला. चार भोकं. एका भोकात तोंड, दोनांत हात, चौथं हवेसाठी. गल्लीच्या तोंडापासून तो ओरडत निघाला, "बटण घ्या, बटण!" आमच्या दुकानासमोर गल्ली अरुंद होते. तिथे बटण अडकलं. मागून डोक्यावर भाकऱ्यांचा भला मोठा ट्रे घेतलेला सायकलवाला आला.

"ए बटणा, बाजूला हो!"

"वळता येत नाहीये!"

"मग तिरकं हो! काजात घालतात तसं!"

समोरच्या फितींच्या दुकानातून हाज शलबी बाहेर आले. हे आमच्या गल्लीतले सगळ्यांत जाडे आणि सगळ्यांत प्रेमळ गृहस्थ. त्यांनी भोकांतून दोरी ओवली, उस्ता मिदहत न्हाव्याने दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून हातिमला अक्षरशः ओढून काढलं. बघायला सगळा बाजार लोटला होता. एकानेही बटण घेतलं नाही. एवढं मोठं फुकट बघायला मिळाल्यावर छोटं कोण विकत घेतो?

हातिम फोम झटकत पायरीवर बसला. बराच वेळ त्याने माझ्याकडे टक लावली. मला ते आवडलं नाही.

"करीमान, ही खुर्ची बाहेर असली की लोक आपल्याकडे गिऱ्हाईक पाठवतात ना?"

"हो."

"मग आपण हिला आत का घेतो?"

"कारण भवानी झालेली असते, गाढवा."

"ते त्यांना कुठे माहितीय?"

"नाही," करीमान म्हणाली. विषय संपला. पण दुसऱ्याच दिवशी काकांनी पाठवलेला एक माणूस टेप घेऊन आला आणि कव्हरांच्या काचेच्या कपाटासाठी भिंती मोजायला लागला. बाबांच्या खोक्यांवर त्याने खडूने फुल्या मारल्या. तो गेल्यावर करीमानने त्या फुल्या ओल्या फडक्याने पुसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "फक्त ईदपर्यंत."

झालं. मी दिवसभर बाहेर.

आणि चाललं की! हाज शलबी स्वतःची गिऱ्हाइकं हाताला धरून आणायचे. "पोरीची भवानी नाही झाली अजून, तिच्याकडे घ्या हो." शेजारचा लेसवाला पाठवायचा. दाढी अर्धी झालेल्या माणसाला उस्ता मिदहत म्हणायचा, "साबण वाळेपर्यंत समोरून एक बटण घेऊन या."

"याला म्हणतात विनाखर्च नवी गिऱ्हाइकं मिळवणं," हातिम खुशीत म्हणाला.

"माझी आई याला वेगळं काहीतरी म्हणेल," करीमान म्हणाली. प्रत्येक वेळी ती हाज शलबींचे आभार मानायची आणि जमिनीकडे बघायची.

आता दुनियेची गंमत बघा. खुर्ची एक दिवस संध्याकाळपर्यंत बाहेर राहिली तर लोक गिऱ्हाईक पाठवतात. रोज राहिली तर मांत्रिक पाठवतात.

आधी धूपवाला आला आणि दुकानात इतका धूर केला की बटणं खोकतील असं वाटलं. मग लेसवाल्याची बायको कागदाची बाहुली घेऊन आली. बाजारातल्या एकेकाचं नाव घेत तिने बाहुलीला सुया टोचल्या, नजर उतरावी म्हणून. पहिलं नाव तिने नवऱ्याचं घेतलं. माझ्या पाठीला कोणीतरी निळा मणी बांधला. पोरीचं कसं होणार म्हणून रोज कोणाच्या ना कोणाच्या घरून डबा यायचा. हातिम जाडा झाला.

आणि एके दुपारी सित्त अफाफ आली. ही बाई नवऱ्यामुलींचे कपडे शिवते. ईदनंतर लग्नंच लग्नं, त्यामुळे रमजानात ती पिशव्या भरभरून बटणं न्यायची. हाज बयूमींच्या काळापासूनचं आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. ती उंबऱ्यापाशीच थांबली, आत आली नाही.

"करीमान, रोज दिवसभर भवानी होत नाही असं ऐकलं. खरं?"

करीमान कात्रीत सापडली. हो म्हणावं तर दुकान अपशकुनी. नाही म्हणावं तर खोटारडं.

"तू मला पोटच्या पोरीसारखी गं," अफाफ म्हणाली, "पण नवरीच्या पाठीवर हे नशीब टाचायला मला नको सांगू." आणि गेली.

हातिम हळूच म्हणाला, "लोकांच्या मनात दुकानाचं एक नाव बसतं..."

"बसलंय," करीमान म्हणाली. "आता ते उठवून दाखव."

पुढचा दिवस मी विसरणार नाही. सकाळी हाज शलबी आले, आपला लांब झगा, गलाबिया, छातीवर मुठीत धरून. "पोरी, बटण पडलं बघ कुठेतरी. एक दे, आणि लावूनही दे." करीमानने सुई ओवली, झगा धरला आणि थबकली. धागा तुटलेला नव्हता. कात्रीने सरळ कापलेला होता.

तिने डब्यातून तसंच बटण काढलं. लावून दिलं.

मग लेसवाला आला. बटण पडलं म्हणाला. मग त्याचा भाऊ. मग उस्ता मिदहत आला, डगल्याची दोन बटणं गायब. "दाढी करता करता वस्तरा लागला," तो म्हणाला. स्वतःच्या पोटावर दाढी कोण करतं, हे कोणी विचारलं नाही. त्या दिवशी आमच्या गल्लीत धड छाती झाकलेला एक पुरुष नव्हता. प्रत्येक जण इकडेतिकडे बघून, दुसऱ्याला न सांगता येत होता. पोरीची भवानी व्हावी म्हणून प्रत्येकाने आपलं बटण आपणच कापलं होतं.

शेवटच्याला बटण लावताना करीमानचं बोट सुईने रक्ताळलं. ती उठली आणि मला आत ओढायला लागली.

"ईद तोंडावर आलीय!" हातिमने माझे पुढचे पाय धरले. "अफाफ गेलीय. ही गिऱ्हाइकंही गेली तर कव्हरं येतील!"

"सोड!"

"तू सोड!"

अर्धी मी आत, अर्धी बाहेर, आणि तेवढ्यात रोजा सोडायची तोफ झाली. रमजानात आमच्या गल्लीत सगळे एकत्र जेवतात. फळ्या जोडून लांब टेबल मांडलं होतं, आमच्या दारापर्यंत. सगळे बसले. खजूर तोंडात गेले. हाज शलबी मिदहतच्या कानाशी लागले, पण त्यांची कुजबुज पुढच्या चौकात ऐकू जाते.

"कोणाला बोलू नकोस. आज पोरीची भवानी मी केली."

मिदहतचा घास थांबला. "तुम्ही? मी केली."

"मी सकाळी केली," लेसवाला म्हणाला.

"तू कसा? मी गेलो तेव्हा..." मिदहत म्हणाला. एकेकाने दुसऱ्याच्या छातीवरचं कोरं बटण बघितलं. मग सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

खुर्चीला तोंड लपवता येत नाही.

मला वाटलं, आता ओरडतील. हाज शलबी ओरडले नाहीत. त्यांनी हात पुसला आणि म्हणाले, "पोरी, तुझी खुर्ची आत घ्यायची राहिलीय." मग ते खाली बघून जेवायला लागले.

त्यानंतर आमच्याकडे कोणी कोणाला पाठवेना. लेसवाला तर दोऱ्याची चौकशी करणाऱ्यालाही सांगायचा, "पुढे जा, तिथे नको."

हातिम म्हणाला, "चल, दुसऱ्या बाजारात जागा बघू. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही."

"इथे ओळखतात," करीमान म्हणाली, "म्हणूनच इथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बाहेर ठेवलं, माझ्याशेजारी उभी राहिली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी खोटी खुर्ची ठेवली होती. माझी चूक. आजपासून बघा." लेसवाल्याने लेस उगाचच पुन्हा गुंडाळली.

थोड्या वेळाने एक कॉलेजची मुलगी एक बटण घेऊन गेली. करीमानने मला उचललं, माझे पाय उंबऱ्यावर मुद्दाम दोनदा आपटले आणि आत घेतलं. मग राखाडी कोटवाला एक माणूस आला. कोटाचं बटण हवं होतं. तिने मान बाहेर काढली. हाज शलबींची खुर्ची बाहेर होती.

"माझी भवानी झाली. समोर जा, त्यांच्याकडेही थोडी बटणं असतात."

कोटवाला गेला आणि लगेच परत आला. "ते म्हणतात, शलबीला भीक नको."

"त्यांना सांगा, भीक नाही. मी त्यांचंच परत करतेय."

तो गेला. परत आला. "ते म्हणतात, आधी हिला खरं बोलायला शिकू दे."

"सांगा, शिकतेय. तुम्ही त्यातलाच पहिला धडा आहात."

तो गेला. पुन्हा परत आला. आता त्याला घाम फुटला होता आणि कोट हातात आला होता. "ते म्हणतात... अहो बाई, ते काय म्हणतात ते खड्ड्यात गेलं!" तो गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात आकाशाकडे नेऊन ओरडला, "लोकहो! या कैरोत मला एक बटण विकणारा कोणी आहे का?"

आधी मिदहत हसला. मग लेसवाला. हाज शलबींनी खूप प्रयत्न केला, ओठ आवळले, फितींच्या मागे लपले, पण त्यांचं पोट ऐकेना. ते गदगदत बाहेर आले, कोटवाल्याला मिठी मारून आत नेलं, बटण दिलं आणि आपली खुर्ची आत घेतली. आमच्याशी दिलजमाई अशी काही झाली नाही. संध्याकाळी मात्र त्यांच्याकडून गोड कताएफचा डबा आला. त्यातला एक अर्धा खाल्लेला होता. म्हणजे राग अजून थोडा शिल्लक होता.

कोटवाला एका सरकारी कचेरीत होता. त्याने ही हकिगत प्रत्येक टेबलावर सांगितली. मग लोक यायला लागले. "तेच का हे दुकान, जिथे बटण विकत नाहीत?"

हातिमला धक्का बसला. "मी अख्खं बटण झालो तेव्हा कुत्रं आलं नाही. आणि नाही विकत म्हटल्यावर येतात?"

पण हातिमचं डोकं वाया गेलेलं नव्हतं, नुसतं उलटं बसवलेलं होतं. तो आता ओरडायचं सोडून विचारायला लागला. "काय हरवलं? कसं होतं? कुठे मिळत नाही?" त्यातून कळलं की बहुतेकांना पाकीट नको असतं. त्यांना हवं असतं एकच बटण, गेलेल्यासारखं, आणि ते आत्ता लावून. बाकी कोणी एक विकत नव्हतं, लावून तर कोणीच देत नव्हतं. म्हणून मला आत घेतल्यावर काउंटरसमोर ठेवलं जाऊ लागलं. गिऱ्हाईक माझ्यावर बसायचं, करीमान सुई ओवायची आणि तेवढ्यात ते मुलीचं लग्न, गुडघेदुखी, साहेबाचा खवटपणा सगळं सांगून टाकायचं. पुढच्या वेळी करीमान आधी गुडघ्याचं विचारायची.

ईदच्या आदल्या दिवशी दुपारी रिफअतकाका आले. बगलेत कव्हरांचा खोका. नशीब बघा, सकाळपासून गजबजलेलं दुकान नेमकं त्या वेळी रिकामं होतं. काका माझ्यावर बसले. "दिसतंय चाललेलं," ते म्हणाले.

आणि दारात सित्त अफाफ. हातात पांढरा साटिनचा झगा, पाठीवर वरपासून खालपर्यंत बटणंच बटणं लागणार असा.

"मी सगळं ऐकलंय," ती करीमानला म्हणाली. "नशीब ठीक होतं तर तुझं. जीभ वाकडी होती. असो. ही ओळ भरून दे."

हातिमचा चेहरा उजळला. काका सावरून बसले. करीमानने झगा हातात घेतला, आणि सवयीने मान बाहेर काढली. समोर हाज शलबींची खुर्ची बाहेर होती. आज ते उशिरा आले होते.

हातिम तिच्यामागून नुसत्या ओठांनी म्हणत होता, नको, नको, नको.

"सित्त अफाफ," करीमान म्हणाली, "माझी भवानी झाली. आधी हाज शलबींकडे जा."

"पोरी, मी रुसवा सोडून आले आणि तू मला हाकलतेस?"

"पाठवतेय."

अफाफने झगा ओढून घेतला आणि गेली. काकांनी शांतपणे खोका उघडला आणि काउंटरवर कव्हरं मांडायला घेतली. चमचमणारी, सशाच्या कानांची. "बापाचं नाक कापलंस. हातातलं गिऱ्हाईक घालवणाऱ्याला दुकानदार म्हणत नाहीत."

"येईल ती."

"नाही आली तर?"

"तर मी स्वतः खोके उतरवीन. आली तर ही कव्हरं तुम्ही उचलायची."

"ठरलं," काका म्हणाले आणि माझ्यावर आणखी जड झाले.

समोर अफाफ शलबींच्या दुकानात फिती बघत होती. मग फितीचं एक गुंडाळं घेऊन बाहेर आली, आणि शलबींची खुर्ची आत गेली. आमच्या दाराकडे तिने पाहिलंही नाही. उजवीकडे वळली आणि मोठ्या रस्त्याच्या गर्दीत दिसेनाशी झाली. हातिमने डोळे मिटले. काकांनी शेवटचं कव्हर मांडलं. करीमान सुईत पांढरा दोरा ओवत होती. दोरा चुकत होता, ती पुन्हा ओवत होती.

दोरा ओवला गेला तेव्हा दारात गलका झाला. अफाफ परत आली होती, आणि मागून आणखी दोन शिवणकाम करणाऱ्या बायका, गाठोडी घेऊन.

"हीच ती," अफाफ त्यांना म्हणाली. "हिच्याकडेच घ्यायचं आता. स्वतःचं दुकान जाताना जी दुसऱ्याची भवानी बघते, ती बटणात खोट घालायची नाही."

"खोटं बोलली होती म्हणे?" एकीने विचारलं.

"बोलली ना. अख्ख्या गल्लीने धुतलीय तिला. पुन्हा बोलायची नाही. ज्यांना अजून कोणी धुतलं नाही, त्यांची मला भीती वाटते." मग ती काकांकडे वळली. "भाऊ, उठा. गिऱ्हाइकाला बसू द्या."

रिफअतकाका उठले. एकेक कव्हर खोक्यात परत टाकलं, ससे वर, ससे खाली. खोका बगलेत मारला. गेले. अफाफ माझ्यावर बसली, आणि खरं सांगते, काकांपेक्षा ती वजनाने जास्त असूनही मला हलकी लागली.

आता माझं वय झालंय. विणलेली बैठक दोनदा बदलली. हातिम कॉलेज संपवून इथेच राहिला. करीमान अजूनही रोज सकाळी मला बाहेर ठेवते, भवानी झाली की आत घेते, आणि मध्ये एकदाही विसरत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं. एखादा दुकानदार तुम्हाला म्हणाला, 'आज शेजारी घ्या,' तर तोंड वाकडं करू नका. जा. आणि मग परत या. जाणारं गिऱ्हाईक सगळ्यांनाच मिळतं. दुकान टिकतं ते परत येणाऱ्यावर, आणि त्याची वाट बघताना सुईत दोरा ओवत राहायला छाती लागते.

ते बघा, कोणीतरी शर्ट घेऊन आलंच. करीमान मला उचलतेय. येते मी.